न भाजलेला तुकडा

परवा गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक मिळावा म्हणून वज्रेश्वरीच्या कुंडावर निघाले होते. गणेशपुरीची एसटी, खिडकीची जागा, मांडीवर डबा. अंबाडी मागे पडली आणि एकदम राबाचा वास आत आला. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन आमच्याकडे होळीच्या आगेमागे भाजून घेतात. शेण, पाचोळा, तोडलेल्या फांद्या रचायच्या, वर माती भुरभुरवायची आणि पेटवून द्यायचं. तो राब. शेजारच्या बाईंनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. म्हणाल्या, "माहेर आठवलं बघा." मी मात्र घाबरले. मी पिशवीतून फोन काढला, बाबांना लावला, जेवलात का विचारलं, गोळी घेतलीत का विचारलं. ते म्हणाले, "अगं, निघताना हेच विचारून गेलीस की."

तसा माझा स्वभावच काळजीचा. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी बाई मी. शाळेच्या सहलीत मी मुलं इतक्या वेळा मोजायची, की मुलं मागे उभी राहून माझी नक्कल करायची. पण राबाच्या वासाची भीती जन्मापासूनची नाही. हा वास तर मला फार आवडायचा. ही भीती दोन पावसाळ्यांपूर्वीच्या फाल्गुनातली. त्या फाल्गुनात मी आणि बाबा एका मेलेल्या माणसाला शेतात शोधत होतो.

आम्ही गोसावी. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवतात. मांडी घालून, अंगाला भस्म लावून, भोवती मीठ आणि बेलाची पानं भरून. वर एक दगड, जमलं तर पिंडीसारखा. लहानपणी मला वाटायचं, बसवलेला माणूस कधीतरी कंटाळून पाय पसरत असेल. बाबांचे पणजोबा, घरात सगळे ज्यांना थोरले बुवा म्हणतात, ते भिवंडीबाहेर, पूर्ण्याजवळच्या आमच्या शेतात बसलेले आहेत. आम्हाला माहिती म्हणून होती ती एवढीच. शिवरात्रीला शेताच्या बांधावरच्या दगडाला बेल वाहायचा, नैवेद्य दाखवायचा, की झालं. बुवा कुठे आहेत असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण दगड समोर दिसत होता.

प्रश्न आला तो पार समुद्रापलीकडून. माझी मुलगी मुक्ता स्कॉटलंडमध्ये डंडी नावाच्या शहरात नोकरी करते. पूर्वी तिथे तागाच्या गिरण्या होत्या. पहिल्या फोनवरच ती म्हणाली होती, "आई, मी भिवंडीतून निघून भिवंडीतच आले." तिची घरमालकीण म्हातारी आहे, एकटी आहे आणि तिला आपल्या पणजीच्या कबरीचा ध्यास लागलेला. पणजी गिरणीत कामाला होती. गरिबांच्या कबरींवर तेव्हा दगड बसवत नसत. म्हातारीने दफनभूमीच्या कार्यालयातून जागेचा क्रमांक मिळवला, मुक्ताला सोबतीला घेतलं आणि शेजारच्या दगडांवरची नावं वाचत वाचत त्या जागेवर पोचली. तिथे होतं काय, तर नुसतं ओलं गवत. म्हातारी त्या गवताशी उभी राहून रडली, मग थर्मासमधला चहा मुक्तालाही दिला. हे सगळं सांगून मुक्ताने सहज विचारलं, "आपले थोरले बुवा नक्की कुठे आहेत गं?"

मी म्हटलं, "बांधावर." पलंगावर पडलेल्या बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बांधावर नाहीत ते."

त्याच आठवड्यात सुभाषदादाचा फोन आला. सुभाषदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. काका गेल्यावर शेत तोच बघतो. बघतो म्हणजे काय, आजूबाजूला गोदामं उभी राहिली, पाण्याच्या वाटा बुजल्या, भात घेणं सुटलं होतं. शेत गोदामासाठी द्यायचं ठरलं होतं, बाबांची सहीही झाली होती. दादा म्हणाला, "पाडव्याला नारल फोडू न् भराव टाकायला घेऊ. काकांना सांग, बुवांची जागा सोरून देऊ. मी शेटला बोललोय. फक्त जागा दाखवा."

फक्त जागा दाखवा! त्या फोननंतर माझ्या जिवाला जो घोर लागला तो सांगता येत नाही.

बाबांची हकीकत अशी. ते लहान असताना एका मोठ्या पावसात खाडीचं पाणी चढलं आणि शेत बुडालं. बाबांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, बुवा पाण्यात बुडाल्याचं बघवेना. ते कमरेएवढ्या पाण्यात गेले, समाधीवरचा दगड उपटला, डोक्यावर घेतला आणि उंच बांधावर आणून ठेवला. म्हणाले, पाणी उतरलं की परत ठेवू. बाबांना वडिलांच्या कानांवरून ओघळणारा चिखल आठवत होता. पुढे बाबा शिकायला म्हणून गावात, म्हणजे भिवंडीत आले, कचेरीत कारकून झाले, इथलेच झाले. शिवरात्रीचा बेल ते घरूनच वाहायचे आणि दगड परत गेला असेल असं धरून चालले. तो काही गेला नव्हता. पाणी उतरलं तेव्हा लावणीची घाई असणार, मग कापणी, मग झोडणी. तोवर कुणीतरी बांधावरच फूल वाहिलं असणार. देवाचा दगड जिथे दिसतो तिथे आमची माणसं हात जोडतात, त्याखाली कोण आहे ते उकरून बघत नाहीत. अशा रीतीने आमच्या घराने दोन पिढ्या मनोभावे बांधाला नैवेद्य दाखवला.

ते रविवार मला अजून तसेच्या तसे दिसतात. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी तपासायला पडलेले आणि मी बाबांना रिक्षात घालून शेतावर नेतेय. एक प्लास्टिकची खुर्ची, एक छत्री, पाण्याची बाटली. दोन्ही बाजूंना गोदामांच्या निळ्या पत्र्यांच्या भिंती, मध्ये आमचं शेत, वाळक्या गवताचं. वाऱ्याने उडून आलेला थर्माकोल, लूमच्या सुताचा गुंता काट्यांना अडकलेला. मागे येणाऱ्या कंटेनरचा तो टींटीं आवाज सारखा. बाबा छत्रीखाली बसून हात लांब करायचे. "खैराचं झाड होतं, त्याच्या खालच्या अंगाला." खैर नव्हता. "विहिरीकडून आलं की उजव्या हाताला." विहीर बुजवलेली, कुठे बुजवली तेही कुणाला धड सांगता येईना. पुढच्या रविवारी त्यांचा हात भलतीकडेच वळायचा. मी तिकडे चालत जायची, उभी राहायची, मागे वळून बघायची. ते मान हलवायचे. हो म्हणताहेत की नाही, तेवढ्या लांबून कळायचं नाही.

मुक्ताच्या म्हातारीचा मला हेवा वाटायचा. तिला निदान क्रमांक होता, वाचायला शेजाऱ्यांची नावं होती. आमच्या बुवांना शेजारी म्हणून होते खेकडे.

सुभाषदादा बिचारा चांगला माणूस. पण पाडवा जवळ आला तसा तोही वैतागला. एका रविवारी मोटारसायकल बांधाला लावून म्हणाला, "ताई, आसा किती दिवस चालाचा? दगराखालीच हायत आसं समज ना. मस्त घुमटी बांधतो, लाद्या बसवतो. काकांना काय दिसतंय इतक्या लांबून?"

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. बाबांना म्हणायचं, सापडले, इथेच आहेत, चला घरी. पेपर तपासून होतील, बाबांचं ऊन टळेल, दादाचं काम होईल. मी खुर्चीजवळ आले, तोंड उघडलं. त्याआधी बाबाच म्हणाले, "मला ऊन बाधत नाही. तू काळजी करू नकोस." आणि मग, "थोरल्या बुवांना एवढा गोतावळा होता. तरी त्यांचं असं झालं. मला कुठे बसवलं हे कोण लक्षात ठेवणार? तू आहेस तोवर तू. मुक्ता तर तिकडे."

ते रडत नव्हते. एसटीची वेळ विचारावी तसं विचारत होते. पण मला एकदम कळलं की इतके रविवार आम्ही बुवांना शोधत नव्हतो. मी उगीच छत्री सारखी करत बसले. मग मी दादाला म्हटलं, "नाही रे, शोधू." तो डोक्याला हात लावून बांधावर बसला.

आणि त्या वेळी वास आला. गोदामांच्या पलीकडे कुणाचा तरी एखादा तुकडा राहिला असणार, त्यांनी राब लावला होता. निळ्या पत्र्यावरून धुराचा पट्टा खाली उतरला आणि माझ्या तळपायांना चटका बसला. खरंच बसला. पायात चपला होत्या, तरी.

होळीच्या सुट्टीत मी काकांकडे राहायची. राब विझला की काळ्या, कोमट राखेत आम्ही पोरं अनवाणी पकडापकडी खेळायचो. वरवर गार दिसणारी राख आतून धगधगत असायची, पाय टेकला की उचलायचा. मी सगळ्यांत भित्री आणि सगळ्यांत हळू. पण त्या राबाच्या मधोमध एक गवताचा तुकडा होता, चटईएवढा, न भाजलेला. काका रचताना फांद्या त्याच्या कडेकडेने लावायचे. मी एकदा मदत म्हणून पाचोळ्याची पाटी त्यावर ओतली, तर काकू धावत आली. "तिथं न्हाय भाजायचा गं बाय, तिथं न्हाय!" का, म्हटलं, तर म्हणाली, "न्हाय म्हंजे न्हाय. सासूबाय न्हाय भाजू देत." बस. तो तुकडा आमचा टाईमप्लीज झाला. त्यावर उभं राहिलं की आउट करता यायचं नाही. पाय पोळलेले, छाती धडधडतेय, आणि एकदम पायाखाली गार गवत. मी डाव संपेपर्यंत तिथून हलायची नाही.

मी शेतात चपला काढल्या. दादा म्हणाला, "आता काय?" मी म्हटलं, "राबाची जागा कुठे होती?" ती त्याने बसल्याजागी दाखवली. वरच्या अंगाची, जरा उंच. मी तिकडे निघाले, आधी चालत, मग पळत. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांची ही अवस्था, पदर खोचून पळतेय. मागून बाबांचा आवाज आला, "अगं पडशील!"

तिथेही वाळकं गवतच होतं. सगळं सारखं. मागोमाग आलेल्या दादाकडून मी गवत कापायचा कोयता घेतला, बसले आणि माती उकरली. काळी. पावलाच्या अंतरावर उकरली, काळी. वर्षानुवर्षांची राख मुरलेली, हाताला लागणारी. अशी उकरत उकरत सरकत होते आणि एका ठिकाणी कोयता निराळा वाजला. माती तांबूस निघाली. साधी, कोरी. चारी बाजूंनी उकरलं, पुढे पुन्हा काळी. मध्ये चटईएवढा तांबूस तुकडा.

दादा माझ्या डोक्यावर उभा होता. त्याने वाकून तांबूस माती चिमटीत घेतली. मग म्हणाला, "अगो, तुझा टाईमप्लीज! रडीचा डाव खेलाचीस इथं." आणि त्याने पायातले बूट काढले.

का भाजायचं नाही हे काकूला माहीत नव्हतं, तिच्या सासूने सांगितलं होतं म्हणून ती सांगत होती. दगड हलला, तोंडची गोष्ट बदलली, पण फांद्या रचणारे हात दर फाल्गुनात त्या तुकड्याला वळसा घालून जात राहिले. आणि त्या हातांमुळे जन्मभर घाबरणाऱ्या मला लहानपणी एक जागा मिळाली होती, जिथे कुणी पकडू शकत नव्हतं. मी बुवांच्या डोक्यावर उभी राहून जीव वाचवत होते. हे कळल्यावर मला हसू आलं आणि मग आवरेना असं रडू आलं.

खुर्ची तिथे आणली. बाबांनी सॅण्डल काढायला लावले, पाय मातीवर ठेवले आणि "ओम नमो नारायण" म्हणाले. नंतर मला म्हणाले, "मला इथे बसवता येणार नाही, ठाऊक आहे मला. जिथे बसवाल तिथे बसवा. पण मुक्ताला एकदा तिथे चालवून ने. बिनचपलेची. पायांनी बघितलेलं राहतं."

पाडव्याला भराव सुरू झाला. दादाने शब्द पाळला. डंपरमागून डंपर आले, शेत पुरुषभर वर उचललं गेलं. बुवांचा तुकडा खाली राहिला, चारी बाजूंनी भिंत, उतरायला पायऱ्या. दगड बांधावरून आणून आम्ही जागेवर ठेवला. बाबांनी त्या दिवशी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. मला वाटलं, आता माझी काळजी मिटली.

काळजी काय मिटते? पहिल्याच पावसात डोक्यात आलं, की चारी बाजूंनी भिंत आणि मध्ये खड्डा, म्हणजे पाणी तिथेच साठणार. मी दादाला फोन करकरून पंप लावायला सांगितला. दुसऱ्या पावसाळ्यात बाबा आजारी पडले, दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, पंपाची आठवण करायची राहिली, आणि या शिवरात्रीलाही त्यांना सोडून मला जाता आलं नाही. घरूनच बेल वाहिला. तरी बाबा रोज विचारत, "दगड जागेवर आहे ना?" मी म्हणायची, "जाईल कुठे?" आणि शंकेची पाल चुकचुकायची.

म्हणूनच एसटीत तो वास आला आणि माझं कुंडात लक्ष लागेना. पाय बुडवले न बुडवले, परत फिरले. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बाबांपाशी बसवून पूर्ण्याला गेले. आता तिथे फाटक आहे, चौकीदार आहे. फाटकापाशीच थबकले. भिंतीच्या कठड्यावर, उंचावर, आमचा दगड. झेंडूची ताजी माळ घातलेली, उदबत्ती लावलेली, शेंदूरसुद्धा फासलेला. कंटेनरचा एक ड्रायव्हर जाता जाता त्याला हात जोडून गेला.

चौकीदार भला माणूस होता. खुशीत म्हणाला, "बहनजी, बारिश में भगवान डूब रहे थे. मुझसे देखा नहीं गया. उठाके ऊपर रख दिया. सोचा था पानी उतरेगा तो वापस रखूँगा."

मला माझे कधी न पाहिलेले आजोबा दिसले, कानांवरून चिखल ओघळणारे. मी त्याला रागावू कशी? हात जोडले. म्हटलं, "बहुत अच्छा किया भैया. पानी उतर गया. अब वापस रखते हैं."

"अभी? सब लोग यहीं हाथ जोड़ते हैं."

"अभी," मी म्हटलं.

तो उचलू लागला, मी दुसरी बाजू धरली. पायऱ्यांपाशी चपला काढल्या. वरचं काँक्रीट असं तापलेलं, की राखेत नाचायचे तशी नाचले. खाली उतरलो. तळाला हिरवं काहीतरी उगवलेलं होतं, दोन पावसाळ्यांच्या पाण्यावर. दगड ठेवला. चौकीदाराने माळ नीट केली आणि विचारलं, "अगली बारिश में फिर डूबेंगे तो?"

"डूबने देना," मी म्हटलं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, याच्याने ते बघवणार नाही. हा पुन्हा उचलणार. म्हणजे दर फाल्गुनात मला यावं लागणार आणि माझ्यानंतर मुक्ताला. तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, या सुट्टीत ये, एका ठिकाणी नेऊन उभं करायचंय. तिच्याकडे सकाळ होती, ती कामावर निघाली होती. म्हणाली, "लोकेशन पाठवून ठेव ना आई." मी म्हटलं, "पाठवता येत नाही. चपला काढून यावं लागतं." ती हसली नाही. म्हणाली, "येते."

मग बाबांना लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला, फोन हातात धरूनच बसले असणार.

"दगड जागेवर आहे का?"

"आहे बाबा." हे आता खरं होतं.

"चपला काढल्यास?"

"काढल्या."

वर एक कंटेनर मागे येत होता, त्याचा टींटीं आवाज भिंतीवरून खाली येत होता.

"गार लागतंय का गं?"

मी पायांकडे पाहिलं. बोटांच्या मधून गवत वर आलं होतं.

"लागतंय बाबा."

"मग थांब थोडी," ते म्हणाले. "घाई नाही. गोळी मी घेतली आहे."